जास्त झालेला चहा

रोहा,
नोव्हेंबर १९९५

प्रिय तामार,

तुझं पत्र गणपतीच्या आधी मिळालं आणि उत्तर आज लिहितेय, तेव्हा आधी मला मनसोक्त शिव्या घालून घे आणि मग पुढे वाच. फोन करणार होते. पण स्टेशनजवळच्या त्या बूथमध्ये उभं राहिलं की समोर लाल आकडे पळायला लागतात, मागे रांगेतला माणूस खाकरायला लागतो आणि मला माझं नावसुद्धा आठवेनासं होतं. तू लिहिलंयस, जानेवारीत येते ती आईला घेऊन जायलाच येते; कागद तयार आहेत, आरोननं तिच्यासाठी खिडकीजवळची खोली रंगवून घेतलीय, नोआनं दारावर मराठीत ‘आजी’ असं लिहिलंय. आणि शेवटी मला हुकूम, ‘तिला तयार करून ठेव.’ तयार करून ठेव म्हणजे काय गं? मावशी काय कैरीचं लोणचं आहे, बरणीला फडकं बांधलं की जानेवारीपर्यंत मुरेल? तरी मी प्रयत्न केला. तुला शब्द दिला होता म्हणून अगदी घसा कोरडा पडेपर्यंत केला. त्याचं काय झालं ते सांगते, पण माझ्या चालीनं सांगू दे, मध्ये मध्ये पानं उलटून शेवट वाचायची तुझी जुनी खोड आज आवर.

मला माहीत आहे तुला कशाची भीती आहे. मागच्या वर्षी सुरतेच्या प्लेगच्या बातम्या आल्या, पेणच्या बाजारात लोक तोंडाला रुमाल बांधून भाजी घ्यायला लागले, विमानं बंद झाली आणि तू तिकडे इस्रायलात अश्दोदला बसून तारांवर तारा केल्यास. शिरखारात तुमच्या बेने इस्रायली लोकांचं आता ते एकच घर. शिरखारकर आडनाव लावणारी माणसं लोदला आहेत, अश्दोदला आहेत, ठाण्यात आहेत. शिरखारात मात्र एकटी सिपोरा शिरखारकर. त्या दिवसांपासून तुझ्या प्रत्येक पत्रात एकच प्रश्न आहे, पुन्हा असं काही आलं तर आईच्या दाराशी कोण उभं राहील? आणि गंमत बघ, मला नोकरी लागली ती नेमका हाच प्रश्न विचारत फिरण्याची. मुंबईच्या एका संस्थेनं ठरवलं, जिथे डॉक्टर वेळेवर पोचत नाही अशा गावांनी पुढच्या साथीसाठी आधीपासून काय करून ठेवावं ते शोधायचं. धरमतरच्या खाडीकाठची मिठागरांची गावं आणि आमच्या रोह्याच्या आतली भातावालाची गावं माझ्या वाट्याला आली. आमच्या प्रमुख डॉक्टरबाई मुंबईच्या, स्वभावानं फार चांगल्या, पण गावात शिरताना नाकाला आधी अत्तर लावतात. मिठागराचा वास त्यांना सोसत नाही.

पहिले काही महिने आम्ही नुसते प्रश्न विचारत हिंडलो. रोह्याच्या आतल्या एका गावात गोविंदा म्हणून म्हातारबाबा भेटले. प्लेगच्या वेळी गावात वाटलेल्या कॅप्सुली तुम्ही घेतल्या का, असं विचारल्यावर त्यांनी कौतुकानं वालाच्या बियाण्याचं मडकं उघडून दाखवलं. राखेसोबत त्यांनी त्या कॅप्सुली वालात घालून ठेवल्या होत्या. ‘रोग मारतंय म्हनलं, मग किडीला काय सोडतंय व्हय? बगा, एक दाना फुकट गेला नाय.’ डॉक्टरबाईंना हसावं की रडावं कळेना. मी मात्र बाहेर येऊन पोट धरून हसले. बाकी सगळीकडे उत्तर ठरलेलं, ‘तुमी सांगाल तसं करू.’ तुला सांगते, गावानं असं गोड उत्तर दिलं की खुशाल समजावं, काही करणार नाहीत. मी शेतकऱ्याचीच पोर आहे, बाबा प्रत्येक कृषी अधिकाऱ्याला हेच सांगायचे.

सराव करायची कल्पना आमच्या ह्यांची. धाटावला ह्यांच्या कंपनीत अधूनमधून खोटाच भोंगा वाजवतात. वायू सुटला असं समजायचं, ओला रुमाल नाकाला लावायचा आणि वारा कुठला ते बघून उलट्या बाजूला पळायचं. शिफ्ट संपवून हे घरी आले, जेवताना माझं रडगाणं ऐकलं आणि म्हणाले, अगं, विचारता कशाला, एकदा खोटी साथ आणून बघा की. मी ते डॉक्टरबाईंना सांगितलं आणि त्यांनी लगेच उचलून धरलं. गाव कुठलं घ्यायचं म्हटल्यावर मी शिरखारचं नाव पुढे केलं. त्यात माझा डाव होता हे तू ओळखलंच असशील. म्हटलं, मावशीला एकदा डोळ्यांनी दिसू दे की साथ आली तर एकटीचे कसे हाल होतात, म्हणजे आपोआप अश्दोदची वाट धरेल.

गणपती नुकतेच गेले होते, खाचरांत भात अजून हिरवं होतं, हातात काम कमी, त्यामुळे मारुतीच्या देवळात अख्खं गाव जमलं. सरपंच काळुराम पाटलांची पहिली शंका, आजार कोणता? बिनानावाचा आजार घ्यायला गाव तयार होईना. शेवटी नुसतं ‘साथ’ म्हणायचं ठरलं. नियम म्हाताऱ्या बायांनीच सांगितले, देवी यायच्या त्या काळातले. ज्या घरात आजार त्याच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधायचा. आत कोणी जायचं नाही. जेवणखाण ओटीवर ठेवून मागे सरायचं. आतल्या माणसानं जे हवं ते हाक मारून मागायचं आणि ज्याची पाळी असेल त्यानं आणून द्यायचं. आणि जो उंबरा ओलांडेल तो आजारी, त्यानं आतच राहायचं. डॉक्टरबाई भराभरा लिहून घेत होत्या. पण आजारी कोणी पडायचं म्हटल्यावर सगळे खाली बघायला लागले. सोंगही अंगाशी येतं म्हणतात, कोण कशाला ओढवून घेईल? तेव्हा बायकांच्या मागून मावशी म्हणाली, ‘माझ्या दाराला बांदा डहाळा. मला कुटं मिठागरावर जायाचंय?’ माझ्या मनात लाडूच फुटले. उठताना तिनं खांबाला धरलं आणि बाईंना एकच विचारलं, आजारी माणसाचं मधेच जास्त झालं तर तुमच्या खेळात काय करायचं? बाई म्हणाल्या, त्याचा विचार नंतर करू. मावशी ‘बरं’ म्हणाली आणि घरी गेली. 

गुरुवारी डहाळा बांधला. आम्ही समोर शाळेच्या ओसरीवर बसून बघत होतो आणि मी खरं सांगते, कोणीतरी विसरावं, कोणाचीतरी पाळी चुकावी अशी मी वाटच बघत होते. पण चुकलं कोणीच नाही. वालाचं बिरडं आलं, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, कोणाच्या तरी तळ्यातला जिताडा आला. एका नव्या सुनेनं कौतुकानं कोलंबीचं कालवण आणलं, तर सासूनं तिला रस्त्यातच अडवलं. ‘बिनखवल्याचं चालत नाय त्यांना, तुला म्हायती नाय व्हय?’ कालवण परत गेलं. शुक्रवारी संध्याकाळी मावशीनं दिवा लावला तो आम्हाला खिडकीतून दिसला. तू आठवलीस. कॉलेजात असताना शनिवार-रविवारसाठी मी शुक्रवारीच तुझ्याकडे यायचे, तेव्हा शुक्रवारच्या त्या दिव्यासमोर आपण दोघी डोळे मिटून उभ्या राहायचो आणि तू मला चिमटे काढायचीस.

आता शनिवारचं ऐक. आमच्या आखणीत शनिवार नुसता मधला एक दिवस होता. मलाही त्यात काही खटकलं नाही, तुझ्या घरचं इतकं मीठ खाऊनसुद्धा. शनिवारी तुमच्यात विस्तव पेटवत नाहीत, आणि तुझ्या घरी शनिवारच्या सकाळी शेजारची बायजा येते. तुला लहानपणापासून सवय, म्हणून तुला त्यात नवल वाटत नसेल, पण मला पहिल्यांदा बघितलं तेव्हा नाटकच वाटलं होतं. बायजा कोणी न बोलावता येणार, कोणाला न विचारता स्टोव्ह पेटवणार, म्हणणार, ‘डोस्कं दुकतंय माजं, घोटभर च्या घेते गो.’ मग मोठं पातेलं भरून चहा टाकणार, स्वतःच्या कपात ओतणार आणि पातेल्यात डोकावून म्हणणार, ‘आगो बाय, जास्तच झाला!’ आणि मावशी म्हणणार, ‘मग टाकतीस कशाला?’ माझ्या आठवणीत एकदाही मावशीनं तिच्याकडे चहा मागितला नाही. मागायचा नसतो. बायजानंही कधी तिच्यासाठी म्हणून केला नाही. करायचा नसतो. दरवेळी आपला जास्त होतो.

त्या शनिवारी घरातून चहाचा वास नाही, स्टोव्हचा आवाज नाही. ज्याची पाळी होती त्यानं ओटीखालून विचारलं, ‘मावशे, काय पायजे गो?’ आतून आवाज आला, ‘काय नको.’ बाईंनी लिहून टाकलं, गरज नाही. आणि अंगणात बायजा कमरेवर हात ठेवून उभी. थोड्या वेळानं ती घरून किटलीभर चहा घेऊन आली, ओटीवर ठेवून मागे सरली. आतून मावशीनं विचारलं, ‘माज्यासाठी केलास काय गो?’ बायजानं आमच्याकडे बघितलं. खोटं बोलावं तर समोर बाई, मी, अख्खं गाव. खरं बोलावं तर मावशी पिणार नाही. किटली तशीच राहिली. चहा गार झाला असेल तेव्हा बायजानं पदर खोचला, पायऱ्या चढली, चौकटीवरच्या तुमच्या त्या प्रार्थनेच्या डबीला तुमच्याच सवयीनं बोटं लावली आणि उंबरा ओलांडून आत गेली. बाई धावल्या, अहो नियम, नियम. बायजानं दारातून मान बाहेर काढली, ‘मी पन आजारी. लिवा तुमच्या वहीत,’ आणि दार लावून घेतलं. स्टोव्हचा आवाज आला. आणि मग सगळ्या आळीला ऐकू जाईल असं ती ओरडली, ‘आगो बाय, जास्तच झाला!’ अगं, काळुराम पाटील, एवढा मिशीवाला माणूस, उपरण्यानं डोळे पुसत होता. हसून की कशानं ते मी विचारलं नाही.

बुधवारी साथ संपली. पाटलांनी स्वतः डहाळा सोडला आणि सांगितलं, बरे झालात, या बाहेर. दोघी येईनात. आतून उत्तर, ‘अजून बरं वाटत नाय.’ गुरुवारी विचारलं तर बायजा म्हणाली, ‘हिला कणकण हाय.’ बायजाच्या घरचे वैतागले, म्हशीची धार कोण काढणार? शेवटी शुक्रवारी बाहेर आल्या त्याही रुसल्यासारख्या, जणू कोणी माहेराहून ओढून आणल्या. बाईंच्या अहवालात आता एक मोठा भाग त्याच गोष्टीवर आहे. आम्ही आखलेली सगळी व्यवस्था मागणाऱ्या माणसासाठी होती. जो मागतच नाही त्याचं काय करायचं, हे आम्ही कुणाला विचारलंच नव्हतं. आता प्रत्येक गावात आम्ही तेवढंच विचारतो, तुमच्यात न मागणारं कोण आहे, आणि त्याच्याकडे न विचारता कोण जातं? तुला पटणार नाही, पण या प्रश्नाला लोक ‘तुमी सांगाल तसं’ म्हणत नाहीत. चटाचट नावं सांगतात.

मी मात्र माझा हट्ट सोडला नव्हता. त्याच शुक्रवारी मावशीजवळ बसले आणि सगळं सांगितलं. खिडकीजवळची खोली, लिफ्ट, खालच्या मजल्यावरचा डॉक्टर, दारावरचं नोआचं अक्षर. तिनं सगळं नीट ऐकून घेतलं. नोआचं ऐकताना तिचे डोळे भरले, लपवले नाहीत तिनं. मग म्हणाली, ‘तिथं सगळे आपलेच ना गो?’ मी मोठ्या उत्साहानं म्हटलं, तर! रस्त्यानं जाणारा, दुकानवाला, बसवाला, सगळे तुमचेच. ‘मग शनवारी च्या कुनाचा जास्त होनार?’ तामार, मी बी.ए. झालेली बाई, गावोगाव लोकांना प्रश्न विचारून पोट भरते. पिशवी उचलली आणि पेणची एसटी धरली.

तू म्हणशील, चहासाठी कोणी लेकीला नाही म्हणतं का? रागावू नकोस. ती तुला नाही म्हणत नाहीये. आखाती युद्धाच्या वेळी तुम्ही खोलीच्या फटींना चिकटपट्ट्या लावून, तोंडावर मुखवटे चढवून बसायचात ना, नोआ तेव्हा अंगावर पीत होती. त्या दिवसांत मावशी इथे रेडिओला कान लावून बसायची. बातम्यांत तुमच्या गावाचं नाव यायला नको म्हणून ती रेडिओवर हात ठेवायची, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. मी म्हटलं होतं, तिला लिहूया का, महिनाभर निघून ये म्हणून? तर म्हणाली, तिचं घर तिकडं हाय, मी कशाला मागू? तुला तिनं कधीच काही मागितलं नाही. तू गेलीस तेव्हा सहार विमानतळावर काचेपाशी उभी राहून हसत हात हलवत होती, आणि गाडीत बसल्यावर पेण येईपर्यंत माझा हात सोडला नाही तिनं. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी बायजा एसटीनं एकटी रोह्याला माझ्या घरी आली. ती आजवर कधी पेणच्या पुढे आली नव्हती. आत कोंडून होत्या तेव्हा तिनं मावशीचे पाय चेपले होते आणि बोट दाबलं तिथे खड्डा राहत होता. मावशीला आडवं झोपवत नाही, भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपते. मी दुसऱ्याच दिवशी तिला पेणच्या डॉक्टरांकडे नेलं. हृदय थकलंय, तामार. गोळ्या चालू केल्यात, पायाची सूज उतरलीय, पण विमानाचा विचारसुद्धा करू नका म्हणालेत. अजून किती ते त्यांनी सांगितलं नाही आणि मला विचारवलं नाही. आणि हे मावशीला श्रावणापासून ठाऊक होतं, परतताना तिनंच कबूल केलं. म्हणजे देवळात तिनं डहाळा मागितला तो खेळ म्हणून नाही. तू पत्रातून जे विचारत होतीस तेच तिलाही बघायचं होतं, आणि ते तिनं बघून घेतलं. मला म्हणाली, ‘तामारला लिव, औंदा जमत नाय, पुडच्या वर्षी बगू.’ मी ते लिहिणार नाही. शनिवारी चहा मागत नाही तशी ती तुलाही मागणार नाही, म्हणून मी उंबरा ओलांडतेय. बोलू दे तिला मला काय बोलायचं ते. दाराशी उभं राहायला अख्खं गाव आहे गं. आत तिच्याजवळ बसायला तू हवीस. जानेवारीची वाट बघू नकोस. नोआला घेऊन ये, जमतील तेवढे दिवस काढून ये, आणि परतीचं आईचं तिकीट काढू नकोस. तिला घ्यायला आलीस असं दाखवू नकोस, तिच्यासाठी आलीस असंही म्हणू नकोस. सांग, आरोननं सुट्टी दिली, दिवस जास्त झाले. होईल तर शुक्रवारी दिवे लागायच्या आत पोच, पेणच्या स्टँडवर मी उभी असेन. शनिवारी सकाळी बायजा येईल, डोकं दुखतंय म्हणून चहा टाकेल, आणि तो तुम्हा सगळ्यांना पुरून उरेल.

वाट बघत असलेली,
तुझीच,
निशिगंधा